आवाजाचं वजन

गाडीत लावायच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. मी भाषेचा शिक्षक. मुलांना शिकवताना आणि पेपर तपासताना ठळक मथळ्यापेक्षा बारीक अक्षरांकडे आधी नजर जाते. खोका उलटा केला की मागे लहान टायपात दोन-तीन ओळी सापडतात. त्यात ‘मॅक्स’, ‘आरएमएस’ आणि ‘ओहम’ हे शब्द असतात. खरी माहिती तिथे असते. ‘मॅक्स’ म्हणजे क्षणभर, एखाद्या झटक्यात निघू शकेल ती ताकद. ‘आरएमएस’ म्हणजे तासन् तास, न फाटता, न तापता मिळणारी ताकद. पुढचा आकडा विकण्यासाठी असतो आणि मागचा वापरण्यासाठी. दोन्हींत कधी दुपटीचा, कधी पाचपटीचाही फरक असतो.

एका उर्दू-मराठीच्या मास्तरला वॅट आणि ओहमच्या भानगडीत पडायचं कारण काय, असं तुम्ही विचाराल. कारण माझे अब्बा आहेत.

अब्बांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून बत्तीस वर्षं काढली. जुन्या एसटीचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, केबिनमध्येच असायचं. त्या घरघरीत त्यांचं आयुष्य गेलं. आता वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही कान कमजोर झालेत, त्यातही डावा जास्त. इंजिनामुळे की वयामुळे, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. दोन्हींचा वाटा असेल, एवढंच म्हणाले. आम्ही सोलापूरला राहतो. माझी मोठी बहीण, म्हणजे आपा, मिरजेत असते. अब्बांच्या तपासण्याही मिरजेतच चालतात. त्यामुळे महिन्यातून एकदा मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ असा चारेक तासांचा प्रवास ठरलेला. त्या प्रवासात त्यांना दोनच गोष्टी लागतात, थर्मासमधला चहा आणि रफीसाहेबांची नाहीतर मेहदी हसनची गाणी.

त्यासाठीच मागच्या वर्षी सेकंड हँड गाडी घेतली. आधीच्या मालकाच्या मुलाला गाण्यांचा शौक होता. डिकीत मोठ्या खोक्यात बारा इंची सबवूफर, ज्याला सगळे ‘बेस’ म्हणतात तो होता. शेजारी त्याचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि आत निळे दिवे. दारांतले स्पीकर मात्र कंपनीतून आलेले तसेच, थेट टेपला जोडलेले. पहिल्याच प्रवासात पाचेगाव गेलं, जुनोनी गेली, अब्बा गप्पच. मग म्हणाले, “खाली धमधम आ रई रे, बोल किधर गए?”

बोल कुठे गेले, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं ते इथे लिहितो आहे.

गाडीत विजेचा दाब १२ व्होल्ट असतो, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. टेपच्या आतला छोटा अ‍ॅम्प्लिफायर तेवढ्याच दाबावर चालतो. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून १८-२० वॅटपेक्षा जास्त शुद्ध ताकद मिळत नाही. टेपवर ‘४ × ५०’ लिहिलेलं असलं तरी हेच खरं, कारण ५० हा ‘मॅक्स’वाला आकडा. डिकीतल्या वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा दाब आधी वर चढवणारा भाग असतो, म्हणून तो शेकड्यांनी वॅट देऊ शकतो. आमच्या गाडीत बेसला ३०० वॅट आणि समोरच्या दोन्ही दारांना मिळून जेमतेम ३६, असा हिशेब होता. एका पानात बिर्याणीचा डोंगर आणि दुसऱ्यात दोन घास.

बेसला जास्त ताकद लागते, हे मात्र खरं आहे. आपला कान खालच्या सुरांना मुळात कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं होतं. आवाज जितका हळू, तितका बेस जास्त हरवतो. शिवाय रस्त्याची आणि टायरची घरघरही खालच्याच सुरातली, ती बेस गिळते. म्हणून बेसला समोरच्या स्पीकर्सच्या दीडपट, दुप्पट ताकद देणं वाजवी आहे. आमच्याकडे ती आठपट होती.

आता बोलांकडे येऊ. वर्गात इमला, म्हणजे श्रुतलेखन घेताना मला रोज जाणवतं की शब्द ओळखायला व्यंजनं लागतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या भागात घुमतात, त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, थ आणि उर्दूतले ख़, ज़ हे बारीक, हवेचे आवाज वरच्या पट्टीत असतात आणि ते फार नाजूक असतात. म्हातारपणात आणि गोंगाटात राहिलेल्या माणसाचं आधी जातं ते हेच ऐकणं. त्यामुळे अब्बांना कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यात खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला झाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. म्हणजे डिकीतला बेस अब्बांच्या उरल्यासुरल्या स-श वर पांघरूण घालत होता. जुन्या गाण्यांत तर खोल बेस फारसा नसतोच. तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात गळा पुढे आणि वाद्यं मागे असायची. त्या गाण्यांतून हा सबवूफर जे काढत होता, ती नुसती घुमघुम होती.

गाडीचं काम करायचं ठरलं तेव्हा आपाचा मुलगा मदतीला आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त समजतं, पण त्याचं पहिलं वाक्य होतं, “मामू, बेस काढू नका हां. बेसशिवाय गाडीला इज्जत नाही.”

मी म्हणालो, “काढत नाही. पण समोरच्यांनाही त्यांचं द्यायचं.”

“मग आवाज अजून वाढेल. नानांना त्रास होईल.”

“वाढेल की साफ होईल?”

तो हसला आणि स्क्रू काढायला लागला.

आधी आम्ही वायर पाहिली, आणि बरं झालं पाहिली. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या जाड वायरीवर बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ती रबराशिवाय तशीच ओढलेली होती. पत्र्याची धार रोज थोडं थोडं आवरण खात होती. ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर भरात असताना साधारण २५-३० अँपिअर वीज ओढतो. ती वायर पत्र्याला उघडी लागली असती तर बॅटरीने तिच्यातून शेकडो अँपिअर सोडले असते आणि चालत्या गाडीत आग लागली असती. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवायला असतो असं अनेकांना वाटतं. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. भाच्याने वायर बदलली, भोकात रबर बसवलं, फ्यूज घातला. नवी वायर निव्वळ तांब्याची घेतली. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते. तितक्याच जाडीत ती वीज कमी वाहते आणि जास्त तापते. गाडीत बाहेरून काहीही बसवून घेतलं असेल तर बाकी सगळं सोडा, एवढी एक गोष्ट आजच बघा.

मग समोरच्या दारांत नवे स्पीकर आणि वर ट्वीटर बसवले. ते निवडताना वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहिला. १ वॅट दिल्यावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो हा आकडा. ८८ वाल्याच्या जागी ९१ वाला घेतला तर अर्ध्या ताकदीत तितकाच आवाज मिळतो. कारण ३ डेसिबल वाढवायचे म्हणजे ताकद दुप्पट करावी लागते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ‘५०० चा आहे, १००० चा घ्या’ असं दुकानात सांगतात तेव्हा पदरात फक्त ३ डेसिबल पडतात. बिल मात्र जवळपास दुप्पट होतं.

या स्पीकर्ससाठी चार चॅनेलचा, प्रत्येकी ६० वॅट आरएमएस देणारा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. अ‍ॅम्प्लिफायर जरा मोठाच असावा, हे ऐकून मला नवल वाटलं. स्पीकर मोठ्या ताकदीने जळतो अशी आपली समजूत. पण लहान अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे पिळला तरीही स्पीकर जळतो, विशेषतः ट्वीटर. आवाजाची लाट गोल असते. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की लाटेचा माथा छाटला जातो, ती चौकोनी होते. याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी लाटेत तितक्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद असते, आणि तिच्यातले वरचे करकरीत सूर थेट ट्वीटरवर जाऊन पडतात. आपण त्याला ‘आवाज फाटला’ म्हणतो. वर्गात पन्नास मुलांपुढे घसा ताणून ओरडणाऱ्या मास्तरचंही हेच होतं. आवाज मोठा असतो, शब्द फाटलेले असतात.

अ‍ॅम्प्लिफायरवर ‘गेन’ नावाचं बटण असतं. बहुतेक लोक त्याला आवाजाचं बटण समजून पूर्ण फिरवतात. गेनचं काम टेपच्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ घालायचं आहे, आणि तो मेळ मोजून घालता येतो. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून मल्टिमीटर आणला. कृती अशी: स्पीकरच्या वायरी काढून ठेवायच्या, टेपवरचे बेस-ट्रेबल सगळे शून्यावर, आवाज तीन-चतुर्थांश. समोरच्या स्पीकर्ससाठी १००० हर्ट्झचा आणि बेससाठी ५० हर्ट्झचा एकसारखा सूर वाजवायचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांना लावायचा. हवे ते वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू फिरवायचा. ६० वॅट आणि ४ ओहम म्हणजे २४० चं वर्गमूळ, साडेपंधरा व्होल्ट. बेस आम्ही १५० वॅटवर आणायचं ठरवलं. त्याची जोडणी २ ओहमची, म्हणून ३०० चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट. भाच्याने मीटर लावला तेव्हा बेसचा आकडा चोवीसच्या वर होता. तो सतराला आणताना त्याचा चेहरा उतरला होता.

पुढचं काम वाटणीचं. ८० हर्ट्झची सीमा आखली. त्याच्या खालचं सगळं सबवूफरकडे, वरचं दारांकडे. दारातल्या स्पीकरला खोल बेस वाजवायला लावलं की तो थरथरत राहतो आणि गळा गढूळ होतो. ते ओझं काढलं की त्याच ताकदीत गाणं स्वच्छ येतं. मग सबवूफरच्या वायरी एकदा उलट जोडून पाहिल्या. ज्या जोडणीत पुढच्या सीटवर बेस भरीव वाटला ती ठेवली. उलट जोडणीत डिकीतला पडदा मागे जातो तेव्हा दारातला पुढे येतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. लोक तिथे बेस कमी पडला म्हणून ताकद वाढवत बसतात. दारांच्या आत ब्युटिलचे डांबरासारखे चिकट पत्रे लावले, पत्र्याची खडखड गेली.

शेवटी अब्बांची जागा. ते पुढे डावीकडे बसतात. डाव्या दाराचा स्पीकर त्यांच्या जवळ, उजवा हातभर लांब. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज त्यांच्यापर्यंत दीडेक मिलिसेकंद उशिरा पोचत होता. टेपमध्ये जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर देण्याची सोय होती, ती वापरली. मग बॅलन्स थोडा उजवीकडे सरकवला, कारण त्यांचा उजवा कान बरा आहे. कानाचा हिशेब कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो, तो माणसाला शेजारी बसवूनच करावा लागतो.

मिरजेत सतार बनवणाऱ्या मुस्लिम कारागिरांची घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत. आपाकडे गेलो की त्या गल्लीतून चक्कर होतेच. ‘जवारी’ काढताना कारागीर घोडीचा माथा कानसीने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. कसबभर जास्त घासलं की सतार बसकी वाजते. तिथे कुणी आवाज वाढवत नसतो, तारेला मोकळं करत असतो. भाचा त्याच गावात वाढलेला. काम संपल्यावर त्याने स्वतःच्या मोबाइलवरचं, भरपूर बेसचं गाणं लावलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “मामू, यात मागे गिटार आहे, हे मला माहीतच नव्हतं.”

उर्दूत समतोलाला ‘तवाज़ुन’ म्हणतात. तराजूला ‘मीज़ान’. शेराच्या मापाला ‘वज़न’, आणि तोच शब्द मराठीत ‘वजन’ होऊन भाजीबाजारात बसला. तिन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेत. वर्गात हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते. मला त्यातली खोच या कामात कळली. तोलायचं म्हणजे दोन्ही पारडी समान भरायची असं नसतं. बेसला जास्त लागतं, ट्वीटरला थोडकं. ज्याला जेवढं पेलतं आणि जेवढं लागतं, तेवढं त्याचं.

पुढच्या महिन्यात मिरजेला निघालो. मंगळवेढ्याच्या पुढे रफीसाहेबांचं गाणं लागलं. अब्बा मांडीवर ताल धरून शब्द पुटपुटत होते. आवाज पूर्वीपेक्षा कमी होता. मग एका ओळीला थांबले, म्हणाले, “हा शब्द काय आहे? इथे काहीतरी आहे, मला येत नाही.” मी सांगितला. पुढे दोन ठिकाणी पुन्हा तेच. दोन्ही शब्दांत ‘स’ होता.

तोवर दोन वर्षं ते म्हणत होते की टीव्ही खराब आहे, मोबाइल खराब आहे, मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. कानाची तपासणी करू म्हटलं की विषय बदलायचे. आता गाडी साफ वाजत होती, शेजारी बसलेल्या मला सगळं ऐकू येत होतं, आणि काय निसटतंय ते त्यांचं त्यांनाच सापडलं होतं. कवठेमहांकाळला चहा पिताना ते आपणहून म्हणाले, “आज कानवाल्याकडेही जाऊ.”

तिथे आलेख काढला. खालच्या सुरांत रेषा बरी होती, वर जाताना घसरत गेलेली. यंत्र बसवणाऱ्या बाईंनी समजावलं की कानाचं मशीन सगळंच मोठं करत नाही. जिथे कमी ऐकू येतं तेवढ्याच पट्टीला ताकद देतं, आणि मोठा आवाज आला की त्याला आवर घालतं. कारण असा कान हळू आवाज ऐकत नाही आणि मोठा सहन करत नाही. अम्मीला हे लगेच पटलं. “मोठ्याने बोल म्हणतात, बोललं की ओरडू नको म्हणतात,” ती म्हणाली. मी ऐकत होतो आणि मनात गेन, सीमा, वाटणी हेच शब्द येत होते. नखाएवढं अ‍ॅम्प्लिफायर, पण काम तेच. अब्बा आता उजव्या कानात मशीन घालतात. डाव्याला अजून तयार नाहीत. हट्टी आहेत, होतील.

भाच्याशी मात्र माझी अजून एक गोष्ट बोलायची राहिली होती, ती परतताना बोललो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायॉश’ ही सरकारी संस्था सांगते की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, १०० ला फक्त १५ मिनिटं. म्हणजे वॅट दुप्पट केले की कानाची मुदत निम्मी. अब्बांना निवड नव्हती, त्यांची भाकरी त्या इंजिनाशेजारी होती. तुला निवड आहे, एवढंच त्याला म्हणालो.

आणि तुमच्या-माझ्यासाठी थोडं. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणूक गणपतीची असो, जयंतीची असो, नाहीतर आपली ईद-ए-मिलादची, हा आकडा कुणाला आठवत नाही. दुसऱ्यांच्या मिरवणुकीचा डीजे आपल्याला टोचतो आणि आपल्या वलीम्याच्या डीजेपुढे आपलेच वडीलधारे कानात बोटं घालून बसलेले असतात, ते दिसत नाही. ज्या मोहल्ल्यात शायरीच्या एकेका लफ्जावर दाद द्यायची रीत होती, तिथे आता शब्द ऐकूच येणार नाहीत अशी सोय आपण पैसे देऊन करतो.

गाडीत, घरात, मांडवात आवाज लावणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. बटण फिरवण्याआधी जिथे सर्वांत कमी ऐकू येणारा माणूस बसणार आहे, त्या जागेवर जाऊन बसा. त्याला बोल कळतायत का, हे त्यालाच विचारा. कळत नसतील तर आवाज वाढवण्याआधी काय कमी करता येईल ते बघा.